ताईच्या पैशाचं मत

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम. फोनवर हा विषय निघाला की तू गप्प होतेस आणि मीही थातूरमातूर बोलून फोन ठेवतो, म्हणून लिहायला बसलो. तुझ्याकडे खापरखेड्याला आलो असतो, पण तुझ्या तोंडाकडे पाहून मी नक्की खोटं बोललो असतो.

भट्टीला चीर गेली आहे, ती बंद करा, असं चंद्रभान भाऊजींनी आदल्या आठवड्यातच साहेबांना सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही आणि भट्टी त्यांच्यावरच फुटली. त्याच साहेबांना या पावसाळ्यात भागधारकांनी पुन्हा पाच वर्षांसाठी कंपनीच्या प्रमुखपदी निवडून दिलं. पेपरात ते वाचून तू मला विचारलंस, "नागसेन, बँकवाल्याच्या सांगण्यावरून भरपाईचे पैसे ज्या फंडात टाकले, त्याच्याजवळ याच कंपनीचे शेअर हायेत म्हणे. मंग ज्यानं माह्या माणसाले जाळलं, त्याले माह्याच पैशानं खुर्चीवर बसवलं का गा?"

मला वाटलं, सोपं आहे. फंडांना आपली मतं जाहीर करावीच लागतात. पण कंपनीच्या मतदानाच्या निकालात सगळ्या मोठ्या संस्थांची मतं एकत्रच दिली होती, नाव कुणाचंच नाही. मग फंडाच्या मतांची यादी उघडली. साहेबांच्या नेमणुकीपुढे एकदा 'बाजूने' लिहिलं होतं आणि खालच्याच ओळीत 'विरोधात'. फंडाच्या काही योजनांनी एक मत दिलं, काहींनी दुसरं. कोणत्या योजनेनं कोणतं, तुझे पैसे आहेत तिनं कोणतं, ते कुठेच नाही. कारणाच्या रकान्यात दोन्हीकडे तेच: 'भागधारकांच्या हितासाठी'.

धरमपेठेतल्या फंडाच्या ऑफिसात गेलो. प्रीती नावाची मुलगी होती, बोलायला फार चांगली. तिनं माझ्यासमोर मुंबईला फोन लावला, पुन्हा लावला, मग हळूच म्हणाली, "काका, हे आमालेही सांगत नाहीत." नंतर मुंबईचं उत्तर आलं. योजनेप्रमाणे माहिती ते देत नाहीत, आणि जे जाहीर करायला हवं ते जाहीर केलेलं आहे. तुझ्या योजनेत त्या कंपनीचे शेअर महिनाअखेर होते, एवढं दिसतं. मतदान महिन्याच्या मधे झालं. त्या दिवशी ते होते की नाही, हेही कळायला मार्ग नाही. वर तक्रार केली, तर नियम पाळले गेले आहेत म्हणून ती बंद झाली.

आणि भट्टी? ती पुन्हा सुरू आहे, ताई. रंग दिला आहे.

शनिवारी करिष्मा माझ्याकडे आली होती. चहाही घेतला नाही. म्हणाली, "मामा, आईले सांगून द्या ना, आपल्या फंडानं विरोधात मत देल्लं म्हणून. तिले कुठं समजते." ती उठून गेली.

छडा लागेपर्यंत त्या पैशाला हात लावणार नाही, असं तू म्हणाली आहेस. म्हणूनच हे पत्र. छडा लागणार नाही. उद्या नाही, पुढच्या वर्षीही नाही. त्या पैशानं भाऊजींसाठी हात वर केला की त्या माणसासाठी, हे आपल्याला मरेपर्यंत कळणार नाही. तो पैसा स्वच्छ आहे, असं मी तुला सांगू शकत नाही. पण करिष्माच्या नर्सिंगचा प्रवेश शुक्रवारी बंद होतो. तिच्या फीसाठी तो पैसा तसाच काढ, ताई.

तुझाच,
नागसेन