चांद्याची खांदशेकणी

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

बाबांनी आज पुन्हा चांद्याला साखळीनं मारलं. बांधलेला बैल, जाणार कुठं? नाकातून रक्त आलं तेव्हा थांबले. "पोरगी खाल्ली यानं माही! पोळा झाला का काढतो बाजारात. कोनी कापो नाई तं जाळो!"

मी ओसरीवर कोरा चहा पीत बसलो होतो. अकोल्याच्या कारखान्यातून आठवड्याची सुट्टी काढून आलोय. उठलो नाही. खरं लिहितो – बरं वाटलं.

१९ ऑगस्ट

सहा महिने झाले. बहीण रागिणी अमरावतीहून गावचा शंकरपट, बैलांची शर्यत, बंद पाडायला आली होती. मोबाईल धरून पटाच्या मधोमध उभी राहिली. आपल्याच घरची जोडी, गजेंद्रदादा थांबवेल, असं तिला वाटलं असणार. चांद्याचा खूर बरगड्यांतून आत गेला. मग छकड्याचं चाक. मी दोरीपलीकडे होतो. सख्खा भाऊ. आवाज ऐकला.

गजेंद्र, काकांचा मुलगा, जोडी हाकत होता. पोलिसांना म्हणाला, "हातात काईच नव्हतं साहेब. बैलच भडकला."

तेरवीपासून मी मटण सोडलं. दूध, दही, तूपही. तिच्यासारखं. कुणाला कारण सांगितलं नाही. मागच्या पोळ्याला तिनं पोळीवर तूप घेतलं नाही, तेव्हा आई म्हणाली होती, "बैलाच्या खांद्याले लोणी चालते, तुह्या पोटाले चालत नाई?"

"खांदा त्याचा सोलला हाये, आई. माह्यं पोट धड हाये!"

आता आई काही न विचारता माझ्या ताटात जवसाचं तेल वाढते.

२१ ऑगस्ट, खांदशेकणी

चांद्याला कोणी हात लावेना. हळद आणि जवसाचं तेल घेऊन मीच गेलो. कुऱ्हाड दुपारीच कुटाराच्या ढिगात लपवली होती. आधी आवतण, मग मानेवर घाव. बाजारात तरी कशाला न्यायचा?

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." म्हटलं. त्यानं सवयीनं मान पुढे केली!

खांदा चोळला. हात पाठीवरून मागे गेला. शेपटीखाली गाठ लागली. दाबली. तो थरथरला, पण लाथ मारली नाही. पू, काळं रक्त, मग लोखंड. पराणीची आर, बैल टोचायच्या काठीचं टोक – तुटलेली, बोटाच्या पेराएवढी.

कुऱ्हाड तिथंच राहिली.

२२ ऑगस्ट, पोळा

बाकीच्या जोड्या तोरणाखाली गेल्या. चांद्या गोठ्यात. गजेंद्र जेवायला आला.

"काय भाऊ, अजून तेलच पिऊन राहिले? उद्या करीले तरी मटन खा!"

मी आर त्याच्या पुरणपोळीवर ठेवली. "हातात काईच नव्हतं ना?"

पांढरा पडला. मग हळूच – "तोंड उघडलं तं दोघं जाऊ, भाऊ."

मी तांब्या उचलून त्याच्या तोंडावर हाणला. पुन्हा. पुन्हा. दात पुरणात पडला. आई किंचाळत होती. बाबांनी मला मागून आवळलं तेव्हा त्याचा ओठ लोंबत होता.

"दोघं कोन रे?" बाबा विचारत राहिले. "दोघं कोन?"

मी हात धुतले. रक्त निघालं. हळद निघाली नाही.

२३ ऑगस्ट, कर

ती आर मी घडवली. कारखान्यात, माझ्याच ग्राइंडरवर, चारी बाजूंनी धार काढून. पटाच्या चार दिवस आधी गजेंद्रनं मागितली. रागिणी काय म्हणेल ते माहीत होतं. तरी दिली.

ठाण्यात जाण्याआधी बाबांना सांगितलं. साखळी त्यांच्या हातात दिली आणि पाठ केली.

त्यांनी मारलं नाही.