रेघ की पडदा

शनिवार

सुई बोटात गेली आणि सगळे हसले. काजं करणाऱ्या मावशी म्हणाल्या, दुकानानं रक्त चाखलं, आता ही टिकते बघा. मीही हसले. या शिंप्याकडे आज माझा पहिला दिवस. हेम घालायचं, बटणं लावायची. उजेड भरपूर, कापायचं टेबल गुळगुळीत. मागे ट्रायल रूम, तिला जमिनीपासून वीतभर वर असलेला जाड हिरवा पडदा. मालकांना सगळे काका म्हणतात. ते म्हणाले, उद्या दुकान बंद, पण दुपारी ये. आम्ही खेळतो.

रविवार

गोष्टीचा खेळ आहे. काका गोष्ट सांगतात, बाकीच्यांनी त्यातलं एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. मावशी, इस्त्रीवाला आणि मी खेळणार. गोष्टी अंगावर येतात, म्हणून काकांनी आधीच विचारलं, तुला काय नको? मी म्हटलं, नवऱ्यानं बायकोला मारणं नको. माझी ताई तशीच गेली.

काकांनी खडू उचलला. रेघ की पडदा, म्हणाले. मला अर्थ कळला नाही; वाटलं, पहिल्याच खेळात नवीन माणसानं कसली रेघ ओढायची? मी म्हटलं, पडदा चालेल. मावशींनी इस्त्रीवाल्याकडे पाहिलं.

पुढे मजा आली. मी पहारेकरी झाले आणि डुलकी लागून मेले.

पुढचा रविवार

गोष्टीत एक घर आलं. नवरा आत शिरला, त्यानं कडी लावली. मी ओरडले, पडदा! काकांनी उठून ट्रायल रूमचा पडदा ओढला. मला वाटलं, संपलं. पण सगळे तिकडे कान देऊन बसले. काका फासे टाकत राहिले.

थांबवा ना, म्हटलं. काका म्हणाले, रेघेपलीकडचं गोष्टीत येतच नाही. पडद्याआडचं घडतं, फक्त दिसत नाही. तूच निवडलंस, बाळ. मावशी म्हणाल्या, नाजूक आहे हो आमची राणी. डोळ्यांसमोर नको, आड झालं की चालतं.

मंगळवार

पडदा अजून ओढलेलाच. गिऱ्हाइकांना सांगतात, आत कोणी आहे. ती मान डोलावतात.

ओलं कापड झटकल्यासारखा आवाज येतो. थांबतो. पुन्हा येतो.

बुधवार

मी टेबलावर खडूनं रेघ ओढली. काकांनी ती बाहीनं पुसली. कापून झाल्यावर खुणा करत नाहीत, म्हणाले. मग हे संपणार कसं, विचारलं. कोणी आत गेलं की. मावशी म्हणाल्या, ही कसली जातेय! दाराबाहेर उभं राहून फ्रॉकचं टोक चावायचं, एवढंच येतं हिला.

ताई गेली तेव्हा मी लहान होते. फटीतून हात घालून कडी निघायची, पण ती उंच होती. फ्रॉकचं मी कोणालाही सांगितलेलं नाही.

गुरुवार

काम सोडलं. निघाले. उंबरठ्यावर मागून हाक — छकू. ताईशिवाय मला कोणी —

परत फिरले.

शुक्रवार

सगळे जेवायला गेलेत. पडद्याखाली पावलं दिसतात. ताईची. मागे बूट. ताई म्हणते, छकू, आता हात पुरतो ना तुझा?

पुरतो.

मोठी कातर घेतली आहे. वही इथेच ठेवते. नुसतं कापड तर आहे, एका हातानं बाजूला —

शनिवार, सकाळ

हे मी, दुकानाचा मालक, लिहितो आहे. मुलगी आली नाही. कातर टेबलाखाली सापडली, धार लावायला दिली. दारावर पाटी लावली : हेम घालायला मुलगी हवी. ट्रायल रूम अजून मोकळी झालेली नाही. गिऱ्हाइकांना सांगितलं, आत दोघी आहेत.