धाकटीला विमानातनं मुंबईला नेली

ता. ४ नोव्हें. ५४, गुरु.
धाकट्या जावंचे पाय उचलंनात. परवा ताप, काल कंबर दुखती म्हणाली. मी म्हटलं, दिवाळीचं फराळाचं खाऊन बरी दुखती. आज चुलीपुढं बसली ती उठलीच न्हाय. भावजींनी उचलून माजघरात आणली. दीर माझा पैलवान गडी. डॉ. आले, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, तोंड पाडून गेले.
रोज ती थापती, मी भाजते. आज दोन्ही करताना भाकरी करपली. कुणी बोललं न्हाय. बोलले असते तर बरं झालं असतं.

ता. ५, शुक्र.
हात पण गेले. दुपारपासनं श्वास आखूड. डॉ. म्हणाले, छातीचं बळ जातंय, श्वास देणारं यंत्र मुंबईच्या दवाखान्यात हाय, इथं न्हाय. मोटारीनं न्हेईपर्यंत ती टिकायची न्हाय. भावजी कामाला हायत त्या कारखान्याच्या मालकांकडं लहान विमान हाय. आमचे हे स्वतः जाऊन त्यांच्या दारात बसले. मालक उद्या सकाळी देतो म्हणाले. देव त्यांचं भलं करो.
धाकटी म्हणती, अक्का, चांगलं लुगडं नेसवा, मुंबईला जायाचं. हिला नटायचं सुचतंय. नेसवलं.

ता. ७, रवि. मुंबई.
काल लिवाय जमलं न्हाय. असलं काही झालं की सांगायला हीच असायची, म्हणून लिवते.
विमानाच्या माळावर निम्मं मुडशिंगी गाव बघाय आलतं. पायलट पारशी, मराठी बोलतो. फळीवर तिला निजवली तर एकाच माणसाची जागा उरली. भावजी पुढं झाले. पायलटनं त्यांना वरनं खालपर्यंत बघितलं, म्हणाला, पैलवान, तुम्ही बसला तर विमान इथंच राहील. माझ्याकडं बोट केलं. मी बैलगाडीत डोळे मिटून बसणारी. चढले. डॉ. म्हणाले, मान एका अंगाला ठेवा, लाळ पुसत राहा. सगळी वाट तेवढंच केलं.
मुंबई आली. खाली उतरायची पट्टी दिसली. तरी गोल गोल फिराय लागलो. मी म्हटलं, उतरा की, जागा दिसतीया. म्हणाला, बाई, इथं खालनं हुकूम आल्याबिगर उतरता येत नाही, परदेशची मोठी विमानं रांगेत आहेत. मग मान वळवून विचारलं, पेशंट कशी आहे? फार अत्यवस्थ असेल तर आधी उतरू देतात.
धाकटी माझ्याकडंच बघत हुती. ओठ निळे. आजारी माणसाच्या तोंडावर असलं कोण बोलतं? मी म्हटलं, बरी हाय की.
त्यानं वायरलेसवर तसंच कळवलं. आम्ही फिरतोय आपले.
धाकटी दम घेत घेत म्हणाली, "अक्का, खोटं बोलू नगा. मरतीया म्हणून सांगा त्यास्नी."
जन्मभर मी सगळ्यांच्या तोंडावर बोलणार, आणि हे हिनं बोलायचं. पायलटच्या खांद्यावर थाप मारली. "मरतीया ती. श्वास संपला. सांगा खाली." इंजनाच्या आवाजात परत सांगाय लागलं. तो भराभर इंग्रजीत बोलला. विमानाचं नाक खाली झालं, मी तिची मान धरून ठेवली. आमच्यासाठी एक मोठं विमान वर थांबवलं म्हणे. त्यातली पावणं चिडली असतील. चिडू देत.
खाली गाडी उभी हुती. आता यंत्रात हाय.

ता. ११, गुरु.
यंत्र म्हणजे लोखंडी पिंप. ती आत, बाहेर नुसतं मुंडकं. लोहाराच्या भात्यागत चालतंय. यंत्रानं श्वास सोडला की तेवढ्यात बोलायचं, आत घेताना गप्प. निम्म्या वाक्यात तिला गप्प करतं. मी म्हटलं, सासूबाईंना जमलं न्हाय ते ह्यानं केलं. हसली.
भावजी आगगाडीनं आले. म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा यंत्रावर हात ठेवून उभे. मग बाहेर जाऊन रडले. मी चहा दिला.

ता. २१, रवि.
डॉ. म्हणाले, उद्या जरा वेळ यंत्र बंद करून बघू. तिनं आपला आपण श्वास घेतला तर ठीक. न्हाय घेतला तर? परत चालू करू म्हणाले, मग किती दिवस, ते सांगता येत न्हाय.
संध्याकाळी ती विचारती, अक्का, कशी दिसतीया मी? आता खोटं बोलायची चोरी. म्हटलं, वाईट. गालफडं बसलीत, केसाची जट झालीया.
म्हणाली, मग विंचरा की.
गुंता सुटंना. जोरात वढला. "आई गं," म्हणाली. यंत्र तवा श्वास आत घेत हुतं, तिला गप्प करायची वेळ.
मी फणी धरून तशीच बसले. तिच्या पण ध्यानात आलं. एकमेकीकडं बघितलं. मी म्हटलं, परत वढू?
म्हणाली, वढा.