इंजिनाच्या उचक्या

मुरबाड, आश्विन शुद्ध द्वादशी

भात पोटरीला, लोंबी धरायला आलंय, जमीन तडकतेय, आणि पाण्याचं जुनं इंजिन दसऱ्याच्या पूजेपासून रुसलंय. पंपाचा पट्टा चढवायला हळू केलं की उचक्या देऊन बंद! दिवसभर कार्बुरेटरचे सगळे स्क्रू पिळले. शेजारचा भिका बांधावरून म्हणतो, "गुरुजी, स्क्रू ऐकत नाय तर मंतर म्हणून बघा!"

संध्याकाळी टाकीचं झाकण पुसताना दिसलं, हवेच्या भोकात सौ.च्या पूजेचं गंध वाळून बसलंय. मग हवेशिवाय रॉकेल उतरणार कसं? भोक मोकळं केलं. तरी उचक्या आहेतच, कारण स्क्रू मुळात कुठं होते ते आता कोणाला ठाऊक?

"म्हणजे आता माझ्या गंधाला बोल लावू नका," सौ. म्हणाली.

मी पुन्हा स्क्रू पिळायला बसलो. पाणी अजून विहिरीतच आहे.