घराला एक मत

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४

मला कुणी विचारलं? कुणी नाही. बावन्न वर्षं ह्यांच्याशी संसार केला, त्यातली एकोणपन्नास ह्याच वॉटफर्डात. आणि आता ह्यांनी कुठं राहायचं ते ठरवणार मिलिंद. का, तर थोरला म्हणून. लॅपटॉप उघडता येतो म्हणून.

ऑगस्टमध्ये ह्यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अक्कल शाबूत आहे, डोळ्यांत दिसते. आता हॉस्पिटल म्हणतंय, आमचं काम झालं, न्या. घरी न्या नाहीतर केअर होममध्ये ठेवा. ह्यात विचार कसला करायचा? पुढच्या खोलीत पलंग लावायचा, संपलं.

मिलिंद म्हणतो, "आई, वी विल डिसाइड अ‍ॅज अ फॅमिली."

"मग मी काय शेजारीण?" म्हटलं.

चौथी शिकले मी. तेवढं लिहायला पुरतं. तोंडावर बोलता येत नाही ते इथं लिहायचं ठरवलंय. तसं फार नसतंच.

बुधवार, १६ ऑक्टोबर

दिया आली. मिलिंदची मुलगी, सतरा वर्षांची. दर बुधवारी शाळा सुटली की पिनरहून मेट्रोपॉलिटन लाइननं माझ्याकडे येते, जेवते, अभ्यास करते. ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, पॉलिटिक्स घेतलंय. त्यात म्हणे एक अख्खा पेपर अमेरिकेचा. अमेरिकेचं इथल्या पोरांना काय करायचंय देव जाणे.

"आजी, मी तुला एक्स्प्लेन करते. तुला समजला तर मला समजला."

बरं म्हटलं. भाकरी थापता थापता ऐकलं.

तिथं लोक राष्ट्राध्यक्ष निवडतच नाहीत म्हणे! लोक माणसं निवडतात, पाचशे अडतीस, आणि ती माणसं राष्ट्राध्यक्ष निवडतात. राज्य मोठं तर त्याची माणसं जास्त. पण कितीही चिमुकलं असलं तरी तीन मिळतातच. ज्याच्या बाजूला दोनशे सत्तर, तो जिंकला.

ह्यात नवीन काय? आमच्या गावात पंचायतीला हेच. लोक मेंबर निवडायचे, मेंबर सरपंच निवडायचे. आणि मधल्या दिवसांत मेंबर गायब. जीपमध्ये घालून महाबळेश्वरला न्यायचे, कोंबडी खायला घालायचे, आणि मतदानाच्या सकाळी पंचायतीच्या दारात आणून उतरवायचे. माझा चुलता एकदा नऊ दिवस होता. स्ट्रॉबेरी खाऊन पोट इतकं बिघडलं की मत द्यायला उभं राहवेना.

"ह्या पाचशे अडतीस जणांना कुठं नेतात?" मी विचारलं.

"कुठेच नाही. ते डिसेंबरमध्ये आपापल्या स्टेटमध्ये भेटतात आणि व्होट देतात."

"पळवत नाहीत?"

"नाही गं."

मग कसली ती निवडणूक.

शनिवार, १९ ऑक्टोबर

हॉस्पिटलात. फिजिओवाली पोरगी म्हणाली, ह्यांना पलंगावरून खुर्चीत घ्यायला दोन माणसं लागतात आणि झोळीचं मशीन. मग गोड आवाजात मला विचारते, तुमची पाठ कशी आहे? माझी पाठ माझ्या मागं आहे, तुला काय करायचंय.

बोलायला शिकवणारी दुसरी एक आहे. तिनं ह्यांना डावा अंगठा शिकवलाय. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. दोन चित्रं धरून विचारत होती, चहा की कॉफी. मी सांगितलं, चहा, दीड चमचा साखर. तिनं माझ्याकडे बघितलं आणि परत ह्यांनाच विचारलं. वेडी आहे. इतकी वर्षं चहा कोण करतंय?

बुधवार, २३ ऑक्टोबर

आज पुढचा धडा. हा मात्र डोकं फिरवणारा.

राज्यात ज्याला जास्त मतं त्याला त्या राज्याची सगळी माणसं. सगळी! दोन राज्यं सोडून बाकी सगळीकडं असंच. एका मतानं जिंकला तरी सगळी, लाखानं जिंकला तरी तेवढीच. त्यामुळं देशभरात जास्त मतं पडूनही माणूस हरतो. दोन हजार सोळाला एका बाईला अठ्ठावीस लाख मतं जास्त होती, म्हणे. घरी बसली.

"असं कसं होईल?" म्हटलं. "जास्त ते जास्त."

दियानं पाकिटाच्या मागं आपली तीन घरं काढली. पिनरला मिलिंदचं, बेसिंगस्टोकला माझ्या लेकीचं, सुलक्षणाचं, आणि तिकडं अमेरिकेत पिट्सबर्गला धाकट्या शशिधरचं. समज, एका घरात चारच्या चार हो म्हणाले. बाकी दोन्ही घरांत दोघं नाही, एक हो. माणसं मोजली तर सहा हो, चार नाही. घरं मोजली तर एक हो, दोन नाही.

मी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. खरंच की.

"बाबांना पण हेच दाखवलं काल," म्हणाली. "त्यांना खूप आवडला."

रविवार, २७ ऑक्टोबर

मिलिंदचा फोन. भाऊबीजेला सगळे माझ्याकडे जमणार आहेतच, तेव्हाच मतदान करू. शशी व्हिडिओवर. "प्रत्येक घरानं आपसात ठरवायचं. घराला एक मत."

"माझं घर धरून चार," म्हटलं.

"आई, तुझं नको. तू त्यात गुंतलेली आहेस."

मी गुंतलेली! आणि तुम्ही काय, पंच?

बुधवार, ३० ऑक्टोबर

दिया म्हणते, पोर्टो रिको म्हणून एक बेट आहे. तिथली माणसं अमेरिकेचीच, पण तिथं राहून राष्ट्राध्यक्षाला मत देता येत नाही.

चला. माझं गाव सापडलं.

पुढच्या खोलीतला सोफा शेजाऱ्याच्या मदतीनं गराजमध्ये टाकला. पलंगाची जागा मोजून ठेवली. खिडकीशी डोकं यायला पाहिजे, ह्यांना रस्ता बघायला लागतो.

रविवार, ३ नोव्हेंबर

सुलक्षणानं मिलिंदला ओवाळलं. फोन उभा करून शशीलाही ओवाळलं, तबक स्क्रीनपुढं फिरवलं. जेवणं झाली. बासुंदी कुणी परत घेतली नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

शशीकडून चौघंही हो. तो, त्याची बायको कस्तुरी, दोन्ही पोरं. "बाबा घरीच पाहिजेत, आई." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं, ह्यांना उचलायला पिट्सबर्गहून येणार आहे का? तरी बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

बेसिंगस्टोक. सुलक्षणा नाही. जावई नाही. समर, त्यांचा मुलगा, हो म्हणाला. पंधरा वर्षांचा आहे, आईकडे न बघता म्हणाला. घराचं मत— नाही.

पिनर. मिलिंद नाही. नंदा, माझी सून, ताटाकडं बघत नाही. दिया हो. इतक्या जोरात म्हणाली की निरांजन हललं. घराचं मत— नाही.

सहा हो. चार नाही. आणि हरलो.

दियाचं तोंड पांढरं पडलं. "बाबा, हे तर एक्झॅक्टली माझा एक्झाम्पल आहे."

मिलिंद म्हणाला, "ठरलं ते ठरलं."

मी विचारलं, "माणसं मोजायची का नाही?" सुलक्षणा भांडी घासायला उठली. डिशवॉशर आहे घरात, तरी हातानं घासत बसली.

सोमवार, ४ नोव्हेंबर

उठले नाही.

बुधवार, ६ नोव्हेंबर

तिकडचा निकाल लागला. सकाळपासून टीव्हीवर नकाशा, लाल आणि निळा. दिया शाळा सुटल्यावर आली. ह्या वेळी ज्याची राज्यं जास्त त्यालाच मतंही जास्त, म्हणाली. म्हणजे तिथं तरी हिशेब जुळला. माझ्याच घरात जुळला नाही.

शशीनं मत दिलं हरलेल्या बाईला. त्याच्या पेनसिल्व्हेनियाची एकोणीसच्या एकोणीस गेली दुसऱ्याकडं. माझ्या घरात हरला, त्याच्या राज्यातही हरला. महिनाभर त्याचं दार वाजवून वाजवून मतं मागत होते. कॅलिफोर्नियात असता तर कुत्रं विचारायला आलं नसतं, कारण तिथलं आधीच ठरलेलं. मला आता कळतं ते. ज्याचं आधीच ठरलंय त्याचं दार कुणी वाजवत नाही.

दिया रडली. म्हणाली, "आजी, मीच बाबांना शिकवला ते."

"तू धडा वाचलास," म्हटलं. "अक्कल त्याची." जेवायला वाढलं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

ह्यांना बेसिंगस्टोकच्या केअर होममध्ये नेलं. सुलक्षणाच्या घरापासून दहा मिनिटं. माझ्यापासून तीन गाड्या आणि दोन तास. मिलिंद दर रविवारी गाडीनं नेईन म्हणतो. रविवारी नवरा. आठवड्याचा बाजार असतो तसा.

खोली स्वच्छ आहे. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. मी पांघरूण नीट केलं, नर्सनं येऊन परत तिच्या पद्धतीनं केलं. निघताना ह्यांनी माझा हात धरला नाही. भिंतीकडं बघत होते.

गाडीत मिलिंदनं रेडिओ लावला, मी बंद केला.

रविवार, १ डिसेंबर

गेले. आले.

रविवार, ८ डिसेंबर

मिलिंदला ताप. गेले नाही. पुढची खोली अजून रिकामी आहे. सोफा आत आणावासा वाटत नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसते, तिथून खोली दिसते. मरण आलं तर दार उघडं आहे म्हणावं.

मंगळवार, १७ डिसेंबर

आज तिकडची ती पाचशे अडतीस माणसं आपापल्या राज्यात बसून मतं देणार. दियानं फोनवर सांगितलं.

"ऐन वेळी एखाद्यानं फिरवलं तर?"

"काही स्टेटमध्ये फाइन आहे. काही ठिकाणी त्याला काढून दुसऱ्याला बसवतात. काही ठिकाणी काहीच नाही."

"आपल्यात कुठला कायदा?"

"आपल्यात कायदाच नाही, आजी."

मग ठेवला आणि नंदाला लावला. तिचं मन लोण्याचं आहे, मला माहीत आहे. अठ्ठावीस वर्षं मी तिला बोलले, तिनं ऐकून घेतलं, तेव्हा तेवढा हक्क आहे. म्हटलं, "नंदा, तू फक्त हो म्हण. पिनरमध्ये दोन हो, एक नाही. घर फिरतं. पुढचं मी बघते."

तिनं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आई, मी फिरवून काही होणार नाही."

"का नाही होणार? दोन घरं हो, एक नाही. गणित मलाही येतं आता."

"आई, प्लीज. मला नका विचारू. मी शब्द दिलाय."

"कुणाला? मिलिंदला? नवऱ्याला घाबरतेस ह्या वयात?"

ठेवला तिनं. माझा फोन असा मध्येच ठेवायची पहिलीच वेळ. माझ्या सासूचा मी असा तोडायला हवा होता कधीतरी.

संपलं. आता कुणाला विचारायचं राहिलं नाही.

बुधवार, २५ डिसेंबर

मिलिंद न्यायला आला. ह्यांच्या डोक्याला कुणीतरी नाताळची कागदाची टोपी घातलेली. मी काढली. ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी आले की हल्ली मिटतात.

सोमवार, ६ जानेवारी २०२५

तिकडं आज शेवटची मोजणी, पाकिटं फोडून मोठ्यानं वाचतात म्हणे. मला काय त्याचं.

बुधवार, ८ जानेवारी

केअर होममधून जाड पाकीट आलं, बायको म्हणून माझ्या नावावर. मला ती इंग्रजी कुठली कळायला. दियाला वाचायला दिलं. पहिली पानं भराभर वाचली— औषधं, वजन, पथ्य. मग चुकून आत राहिलेला हॉस्पिटलचा एक जुना कागद निघाला आणि ती थांबली.

"वाच," म्हटलं.

२२ ऑक्टोबर. मला आठवतो, मी डोळे तपासायला गेले होते. त्या दिवशी सोशल वर्करनं ह्यांना विचारलं, कुठं राहायचंय. चित्रं दाखवून, तीनदा, शब्द फिरवून फिरवून. घरी, बायकोजवळ? तिन्ही वेळा नाही. केअर होम? तिन्ही वेळा हो. पेशंटला सगळं समजतंय, निर्णय त्यांचाच, असं लिहिलंय. बायकोला सांगू का? नाही. मुलगा आणि मुलगी हजर.

म्हणजे भाऊबीजेच्या आधीच ठरलेलं. माणसं मोजली असती तर हो आलं असतं, म्हणून मिलिंदनं घरं मोजली. मी त्यांच्यावर चिडावं, ह्यांच्यावर नको, म्हणून. दोन महिने माझ्या शिव्या खाल्ल्या दोघांनी आणि तोंड उघडलं नाही.

आणि मी सगळ्यांची मतं मोजली. दियाचं, समरचं, पिट्सबर्गच्या पोरांचं. ह्यांना एकदाही विचारलं नाही.

रविवारी जाणार. आत एकटी. का, एवढंच विचारणार. वाचा नाही तर कसं सांगायचं ते त्यांचं त्यांनी बघावं, मी संध्याकाळपर्यंत बसेन. मिलिंदनं गाडीत थांबायचं. सुलक्षणानं दारातून वळायचं. नर्सनं मध्ये पडायचं नाही. उत्तर ह्यांनी द्यायचं. दुसऱ्या कुणी नाही— मीसुद्धा नाही.