आखूड पाटाची सॉ मिल

प्रिय हेडली,

सॉ मिल अखेर ठरवली. ओंडके कापायची, घरापुरती, चाकांवरची, गाडीमागे ओढून कुठेही नेता येईल अशी. ठरवायला मला अख्खा हिवाळा लागला. आई आपल्याला घरीच शिकवायची, तेव्हा गणित उलटं करून पडताळल्याशिवाय टेबलावरून उठता येत नसे. तुझी ती सवय सुटली, माझ्यात मुरली.

आजवर आपले ओंडके एल्ड्रेडकाकांच्या मिलवर जायचे, निम्म्या वाट्याने. निम्म्या फळ्या त्यांच्या, निम्म्या आपल्या. पण तुझ्या घरासाठी तोडलेल्या स्प्रूसच्या झाडांची एकही फळी बाबांना वाट्यात द्यायची नाही. बर्फावरून ओढून आणलेला तो ढीग अजून तुझ्या जागेवरच पडून आहे. खालच्या ओंडक्यांवर निळसर डाग दिसू लागलेत. या उन्हाळ्यात कापले नाहीत, तर सरपणच.

आपल्याला परवडतील अशा दोनच मिली होत्या. एकीचा ओंडका ठेवायचा पाट लांब, घराच्या तुळया निघतील एवढा. पण ओंडका हातांनी चढवायचा, हातांनीच फिरवायचा. त्याला दोन धडधाकट माणसं हवीत. दुसरीला ओंडका उचलणारे लोखंडी हात आहेत, ती एकट्या माणसालाही चालवता येते; पण पाट आखूड. तिच्यावर शेडच्या फळ्या होतील, घराच्या तुळया नाहीत.

बाबांना लांब पाटाचीच हवी. खांदा गेल्यापासून त्यांना पाण्याची बादली उचलवत नाही, पण बोलणं तेच. परवा एल्ड्रेडकाका चहाला आले, तेव्हा बाबा म्हणाले, "हेडली आला की एक टोक तो धरेल." काका म्हणाले, "आणि दुसरं कोण धरणार, सेल्बी? तुझी जीभ?" "ऊना धरेल की." "ऊना? अरे, ती आधी ओंडक्याची परवानगी घेईल!" सगळे हसले, मीही हसले. जाताना मात्र काका दारात थांबले आणि हळूच म्हणाले, "पोरी, पोरगा खरंच येतोय ना?" मी त्यांची टोपी त्यांच्या हातात दिली.

ईस्टरला तू पाठवलेला फोटो बाबांनी फ्रिजवर लावलाय. तू, मेलनी, मागे विटांचं घर आणि हिरवळीत 'विकलं' अशी लाल पाटी. बाबांनी ती पाटी वाचली आणि आनंदाने टेबलावर हात आपटला. "बघ, मालकाने घर विकलं! आता यांना भाड्याची जागा सोडावी लागणार. उन्हाळ्यात येतातच बघ." आपल्या गावात घर विकत घेतलेलं कुणी पाहिलेलं नाही. ज्याला राहायचं असतं, तो बांधतो. त्यामुळे ती पाटी तुमच्यासाठी लावली असेल, हे बाबांच्या मनात येणंच शक्य नव्हतं. माझ्या मनात आलं.

मी आखूड पाटाची मागवली आहे. मेच्या शेवटी ट्रक येईल, आणि ताडपत्री काढताक्षणी बाबांना कळेल की यावर तुळया निघणार नाहीत. ते मला कारण विचारतील. मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं सांगण्याचा हक्क माझा नाही. म्हणून हे लिहिते आहे. घर छान दिसतंय, मेलनीला तसं सांग. पण ट्रक पोचायच्या आत बाबांना फोन कर. दुपारी कर, तेव्हा ते तुझ्या ढिगापाशी नसतात, घरात असतात, आणि आई जवळ असते.

तुझीच,
ऊना