बुधवारचं पाणी, शनिवारचं पाणी

ता. ९ जानेवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

मुंगीचं पत्र काल मिळालं. चार पानं आहेत. त्यात मावशी हा शब्द एकोणीस वेळा आला आहे. आई दोनदा, त्यातला एकदा मायन्यात. मोजत कशाला बसलीस, असं म्हणशील. मी विज्ञानाची शिक्षिका आहे, मोजणं हा धंदाच आहे. तुझाही तोच, पण तुला लोक बाई कमी आणि मैत्रीण जास्त म्हणतात.

बदली झाली तेव्हा मला इथे दुसऱ्या शिक्षिकेबरोबर एकाच खोलीत राहावं लागलं, म्हणून लेक तुझ्याकडे ठेवली. एका वर्षासाठी, असं आपलं ठरलं होतं. आता घर मिळालं आहे. दोन खोल्या आहेत, एक तिची. टेबल खिडकीशी लावलं आहे.

एक मात्र समजत नाही. सहावीत ती माझ्याच वर्गात होती. प्रकल्प म्हणून आवारातले पक्षी मोजायला दिले, तर तीन आठवड्यांत तिने चार पक्षी मोजले. आणि तुझ्या ओढ्यात म्हणे ती आठवड्यातून दोनदा गुडघाभर चिखलात उभी राहते. अशी काय जादू केलीस? नोंदींचा तक्ता पाठव. बघू दे तरी.

लोभ आहेच, पत्रात थोडा कमी दिसला तरी.

तुझी ताई


ता. १७ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मधल्या सुटीत वाचलं आणि हसले. घरी येऊन पुन्हा वाचलं, तेव्हा हसू आलं नाही.

तक्ता सोबत आहे. तू लाल पेन घेऊन बसणार, ठाऊक आहे, म्हणून रीत सांगते. एक मीटर लांबीची पारदर्शक नळी आहे, तळाशी काळी-पांढरी चकती. मुलं वरून डोकावतात आणि ओढ्याचं पाणी ओतत जातात. चकती दिसेनाशी झाली की पाण्याची उंची लिहायची. उंची जास्त तर पाणी स्वच्छ. शेवटच्या रकान्यात वाचणाऱ्याची खूण. हा रकाना मुंगीनेच घालायला लावला. जो वाचतो त्याने खूण करायची, असं आईचं म्हणणं आहे, म्हणाली. तेव्हा पत्रात नसलीस तरी तक्त्यात आहेस.

सुरुवातीला बुधवारी एक मुलगी वाचायची, तिची खूण पतंग, आणि शनिवारी आपली मुंगी. नोव्हेंबरपासून दोन्ही दिवस मुंगीच वाचते. एकाच नजरेने वाचलेलं बरं, आणि तिच्याइतकं काटेकोर वर्गात कोणी नाही. मी तिला पहिल्या बाकावर घेतलं आहे. आलेखात पाहा, नोव्हेंबरपासून पाणी एकदम गढूळ झालं. त्याच महिन्यात वरच्या अंगाला बांधकाम सुरू झालं. मुलांनी ठेकेदाराच्या नावानिशी फलक केला आहे. पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे.

आता खरं ते. मुंगीला पुढचं वर्षही इथेच राहायचं आहे. मी शिकवलेलं नाही, शपथ.

तुझा राग निवळेपर्यंत उत्तराची वाट पाहीन.

तुझी धाकटी


ता. २४ जानेवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

लाल पेनच घेतलं. चूक सापडली आणि माझं पोटातलं दुखणं थांबलं.

तुम्ही महिन्याची सरासरी काढलीत आणि आलेख काढून मोकळे झालात. सुटे आकडे कोणी पाहिलेच नाहीत. जुलै ते ऑक्टोबर, बुधवारी अठ्ठावन्न, एकसष्ट, साठ. शनिवारी त्रेचाळीस, चव्वेचाळीस, बेचाळीस, आणि नोव्हेंबरपासून दोन्ही वारी तेच. ओढा काय वार पाहून वाहतो? नोव्हेंबरात पाणी बदललं नाही, वाचणारं बदललं. ठेकेदाराने काय केलं ते मला माहीत नाही, पण या तक्त्यावरून त्याला चोर ठरवता येत नाही. प्रकल्प हातात घेताना एका वाचणाऱ्याचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहायचा, हे तुला मी सांगायला हवं? लाडात आंधळी झालीस. पहिला बाक म्हणे. मी तिला शेवटच्या बाकावर बसवत होते, बाईंची मुलगी म्हणून कोणी बोट दाखवू नये यासाठी.

इथवर काल लिहिलं होतं. पाकीट बंद करायचं राहिलं, ते बरं झालं.

आज वर्गात एका मुलाने फळ्यावरचा तीन आठ म्हणून उतरवला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि मुंगी आठवली. मुंगी वर्षभर फळ्यावरचं चुकीचं उतरवत होती. मी तिला धांदरट म्हणत होते, मुलांसमोर. आणि ते चार पक्षी. ते चौघं खिडकीच्या कठड्यावर येऊन बसले असतील, म्हणून मोजले गेले.

ती चुकीचं वाचत नाही. चकती तिला तेवढीच दिसते. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. या आठवड्यातच ने. आणि एप्रिलमध्ये माझ्याकडे पाठव.

वरचं काल लिहिलेलं खोडलेलं नाही. खरं होतं तेही.

ताई


ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

दोन्ही डोळ्यांना दोनच्या वर नंबर निघाला. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं तरी झाली असतील.

तू माझ्यावर जळत होतीस ते मला कळत होतं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं आवडतही होतं. आता माझी पाळी. सात महिने ती माझ्याशेजारी बसून जेवते, नळी मी तिच्या हातात देते, आणि मला काही दिसलं नाही. तू दुसऱ्या गावी बसून आकड्यांतून तिचे डोळे ओळखलेस. घरी आल्यावर मुंगीने ते चार वेळा सांगितलं. मीही मोजायला लागले आहे.

तिचं पत्र सोबत आहे. मी वाचलेलं नाही.

क्षमा केलीस तर कळव, नाही केलीस तरी कळव.

धाकटी


ता. ६ फेब्रुवारी

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

मला चष्मा लागला. नाकावरून घसरतो. मी माझ्या सगळ्या आकड्यांवर एकेक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, तू सांगतेस तशी. फलकावरून ठेकेदाराचं नाव काढलं आणि तिथे आमची चूक लिहिली. प्रदर्शनात सगळे तिथेच थांबत होते. बक्षीस मिळालं नाही. पतंगवाली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मग बोलली.

आता जुलैपासून पहिल्यापासून मोजायचं आहे. आधी सगळ्यांचे डोळे तपासायचे आणि प्रत्येक वेळी दोघांनी वाचायचं. माझ्यामुळे बिघडलं, तर मीच केलं पाहिजे ना? मावशी म्हणाली की तिने काहीही म्हणायचं नाही असं ठरवलंय. इथल्या शाळेचा पुढच्या वर्षाचा फॉर्म सोबत आहे. सही करशील का? खोलीतलं टेबल तसंच राहू दे.

तुझी मुंगी


ता. १३ फेब्रुवारी

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

मोजणार नव्हते. मोजलं. मावशी एकदा.

चूक शोधली नसती तर तू एप्रिलमध्ये इथे आली असतीस. तीन दिवस फॉर्म टेबलावर होता, तुझ्याच. सही केली आहे.

शेवटच्या बाकाबद्दल मला तुझी माफी मागायची आहे. ती पत्रात मागणार नाही, समोर येऊन मागेन. सुटी लागली की येते. जुलैला अवकाश आहे, तोवर नळीचा सराव करू. दोघांनी वाचायचं म्हणतेस, तर दुसरी मी. रकान्यात माझ्यासाठी एखादी खूण ठरवून ठेव.

मावशीला सांग, राग गेला आहे. आणि माझ्याआधी तिला नळीत डोकावू देऊ नकोस.

चष्मा पुसताना फ्रॉकला पुसू नये, काचेवर ओरखडे पडतात.

तुझी आई